ज्याचा पंप मोठा, त्याचं पाणी

टेक्सासच्या उत्तर टोकाला डेनिसन नावाचं रेल्वेचं गाव आहे. १९०१ साली तिथल्या रेल्वे कंपनीने आपल्या जागेत विहीर खणली, वीस फूट व्यासाची आणि सहासष्ट फूट खोल. इंजिनं आणि कारखान्यासाठी रोज २५ हजार गॅलन, म्हणजे साधारण ९५ हजार लिटर पाणी उपसलं जाऊ लागलं. शेजारी ईस्ट नावाच्या गृहस्थाची घरगुती विहीर होती, पाच फूट रुंद, तेहेतीस फूट खोल. ती आटली. ईस्ट कोर्टात गेला आणि १९०४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. जमिनीखालचं पाणी मालकाने हवं तेवढं काढावं, त्यापायी शेजाऱ्याची विहीर कोरडी पडली तरी भरपाई नाही, असा निकाल लागला. भूजलाचं येणं-जाणं इतकं गूढ आहे की त्याला नियम लावणं जवळजवळ अशक्य, हेही एक कारण न्यायालयाने दिलं. आपल्या भाषेत, बळी तो कान पिळी.

हे तत्त्व १८४३ च्या एका इंग्लिश खटल्यातून आलेलं. आपल्याकडेही ते आलंच: १८८२ च्या ईझमेंट्स ॲक्टमध्ये, म्हणजे सुविधाधिकार कायद्यात, आपल्या हद्दीतलं, ठरावीक प्रवाहात न वाहणारं भूजल काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाला दिलेला आहे. शेजाऱ्याच्या नव्या बोअरमुळे आपली विहीर तळाला गेलेली पाहिलेल्या माणसाला ईस्टचं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

टेक्सासने हे तत्त्व आजतागायत मोडीत काढलेलं नाही. त्याला आतून वेसण घालण्याची सोय म्हणजे 'भूजल संधारण जिल्हा'. इथला जिल्हा कलेक्टरचा नव्हे. भूजलापुरतीच सत्ता असलेली ही स्थानिक संस्था आहे. ती बहुधा मतदानाने मान्य होते, आणि मालमत्ता कर किंवा उपशावरचं शुल्क यावर चालते. १९४९ च्या कायद्याने तिची वाट मोकळी केली. कपाशीच्या पट्ट्यात पंपांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि खालचा ओगलाला जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडक-वाळूचा थर, पावसाने फारसा भरत नाही, हे शेतकऱ्यांच्या ध्यानात येऊ लागलं होतं. राजधानीतल्या साहेबाने नियम लावण्यापेक्षा आपणच लावलेले बरे, असा हिशेब होता. १९५१ साली त्याच पट्ट्यातल्या लबक शहरात 'हाय प्लेन्स' हा पहिला जिल्हा उभा राहिला.

त्याचं सगळ्यात मोलाचं काम दिसायला अगदी साधं आहे. हिवाळ्यात, पंप बंद असताना, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजायची. जुनी पद्धत अशी: पोलादी फितीच्या टोकाला खडू फासायचा, फीत आत सोडायची, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचं. वर्षानुवर्षांच्या या आकड्यांतून कुठे किती फूट पाणी उतरलं याचे नकाशे तयार होतात. १९६५ च्या एका अपील निकालानंतर तर त्यांना पैशाचं मोल आलं. जमिनीबरोबर विकत घेतलेलं पाणी घटतं, म्हणून त्यावर प्राप्तिकरात सूट मिळावी, हा शेतकऱ्याचा दावा मान्य झाला. आपल्याखालचं पाणी संपतंय हे मान्य करण्यात फायदा निघाला! माझ्या मते, दहा व्याख्यानांनी झालं नसतं ते या एका सवलतीने झालं.

ह्यूस्टनजवळ दुखणं वेगळं होतं. तिथे उपशाने जमीनच खचली. बेटाउनची ब्राउनवुड वसाहत खाडीच्या पातळीला आली आणि १९८३ च्या अलिशिया वादळानंतर कायमची उठली. तिथला १९७५ चा जिल्हा जमीन खचणं रोखण्यासाठीचा, पण याच जातकुळीचा.

१९९० च्या दशकात हेंडरसन काउंटीत बाटलीबंद पाण्याची कंपनी रोज ९० हजार गॅलन उपसू लागली आणि शेजारच्या विहिरी खाली गेल्या. १९९९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा जुनंच तत्त्व उचलून धरलं आणि बदल करायचा तर विधिमंडळाने करावा असं सांगितलं. विधिमंडळाने १९९७ मध्येच स्थानिक जिल्हे हीच आपली पसंतीची व्यवस्था म्हणून जाहीर केली होती. म्हणजे जिथे जिल्हा नाही, तिथे आजही साधारण ईस्टचाच न्याय.

जिथे आहे, तिथे दोन विहिरींत किती अंतर हवं आणि मोठ्या बोअरने किती उपसावं हे पाच ते अकरा संचालकांचं मंडळ ठरवतं. परवान्याची सुनावणी उघड होते, बाधित शेजारी हरकत घेऊ शकतो. २००५ पासून शेजारचे जिल्हे एकत्र बसून जलधर पुढे कोणत्या स्थितीत ठेवायचा हेही ठरवतात. हात मात्र पूर्ण मोकळे नाहीत. जमिनीखालचं पाणी ही मालकाची मालमत्ताच, असं त्याच न्यायालयाने २०१२ साली म्हटलं. त्यामुळे फार आवळलं तर भरपाईचा दावा लागू शकतो.

घर आणि जनावरांपुरत्या बोअरला राज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही. अट एवढीच: जमीन दहा एकरांहून जास्त हवी आणि बोअरची क्षमता दिवसाला २५ हजार गॅलनच्या वर नको. डेनिसनच्या रेल्वेचा उपसा नेमका एवढाच होता.