कॉक्लिया आणि कॉन्खा : कानातल्या शिंपल्यांची शब्दकथा

कॉक्लिया म्हणजे कानाच्या सर्वांत आतल्या भागात, कवटीच्या हाडात दडलेली गुंडाळलेली नळी. ती साधारण वाटाण्याएवढी असते. तिला अडीच ते पावणेतीन वेढे असतात आणि सरळ केली तर लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरते. पायथ्याशी उंच पट्टीचे स्वर पकडले जातात, टोकाशी खर्जातले. कॉन्खा मात्र बाहेर, सहज हाताला लागणारी : कानाच्या भोकाभोवतीचा वाटीसारखा खळगा, ज्यात इअरफोन अडकतो. नाकाच्या आतल्या बाजूला असलेल्या वळलेल्या हाडांनाही हेच नाव आहे. इंग्रजीने हे दोन्ही शब्द लॅटिनमधून घेतले, लॅटिनने ग्रीकमधून, आणि ग्रीकांना ते समुद्रकिनाऱ्यावर मिळाले.

कॉक्लियाचा मूळ अर्थ शंख नव्हे, गोगलगाय. ग्रीक ‘कोख्लोस’ म्हणजे वळणदार कवचाचा प्राणी आणि ‘कोख्लिआस’ म्हणजे गोगलगाय. पिळाचा स्क्रूही त्याच नावाने ओळखला जाई. लॅटिनमध्ये त्याचे ‘कॉक्लिया’ झाले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने पाणी उपसण्याच्या पिळाच्या यंत्राला हाच शब्द वापरला आहे. आर्किमिडीजचा स्क्रू म्हणून आपण शाळेत शिकतो, तेच हे यंत्र. म्हणजे कानात शिरण्याच्या कितीतरी आधी हा शब्द पिळाच्या कोणत्याही वस्तूला चिकटत होता.

तो जेवणाच्या ताटातही पोचला होता. रोमन लोक ‘कॉक्लिआरे’ नावाचा लहान चमचा वापरत. त्याचा वाडगा छोटा आणि दांडा टोकदार असे, कारण दांड्याने गोगलगाय कवचातून उपसून काढायची. हाच चमचा अंडी खायलाही चाले. कवी मार्शलने या चमच्याच्या तोंडी दोन ओळी घातल्या आहेत : मी गोगलगायींना उपयोगी पडतो, अंड्यांनाही तितकाच; मग मला गोगलगायींचेच नाव का? त्याचे उत्तर त्याने दिलेले नाही. फ्रेंच ‘क्वियेर’, इटालियन ‘कुक्याइओ’ आणि स्पॅनिश ‘कुचारा’ हे चमच्याचे आजचे शब्द याच कॉक्लिआरेचे वंशज आहेत.

कानातल्या नळीला हे नाव चिकटवण्याचे श्रेय गाब्रिएले फालोप्पिओला देतात. हा इटलीतल्या पादुआचा शरीरशास्त्रज्ञ, जन्म १५२३, मृत्यू १५६२. मृत्यूच्या वर्षभर आधी, १५६१ मध्ये, व्हेनिस येथे त्याचे निरीक्षणांचे पुस्तक छापले गेले. त्यात अंतर्कर्णाचे वर्णन आहे. आतल्या वाकड्यातिकड्या पोकळ्यांना त्याने लॅबिरिंथ, म्हणजे भूलभुलैया म्हटले. वस्तूवरून नाव देण्याची त्याला सवयच होती : स्त्रीच्या बीजवाहिनीला त्याने तुतारी म्हटले आणि पुढच्या पिढ्यांनी तिला त्याचेच नाव दिले. कॉक्लियाच्या आतल्या मार्गांना पुढे ‘स्काला’, म्हणजे जिना, हे नाव मिळाले. इटालियनमध्ये गोल जिन्याला ‘गोगलगाय-जिना’च म्हणतात. गोगलगायीसाठीचा त्यांचा शब्द ‘क्योच्चोला’ हाही कॉक्लियापासूनच आला, आणि ईमेलच्या पत्त्यातल्या ॲट चिन्हाला आज इटलीत हाच शब्द वापरतात. त्या चिन्हाचा वेढा पाहिला की नाव पटते.

कॉन्खाची वाट वेगळी. ग्रीक ‘कोन्खे’ म्हणजे शिंपला किंवा शिंपल्यातला प्राणी. लॅटिन ‘कॉन्खा’मधून फ्रेंचमार्गे इंग्रजी ‘कॉंच’, म्हणजे शंख, आला. त्याचा उच्चार ‘कॉंक’ की ‘कॉंच’ यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचेही एकमत नाही. संस्कृत ‘शंख’ हा या कोन्खेचा सख्खा नातेवाईक मानला जातो. इंडो-युरोपीय मुळातला ठरावीक ‘क’ संस्कृतात ‘श’ होतो. लॅटिन ‘केन्टुम’ आणि आपले ‘शत’ ही त्याची नेहमी दिली जाणारी जोडी. शंख आणि कोन्खे त्याच नियमात बसतात. दोन्ही भाषांनी हा शब्द तिसऱ्याच कोणाकडून उचलला असावा, असाही एक पक्ष आहे.

संस्कृत वैद्यांनीही डोक्यावर शंख ठेवला, पण कानात नव्हे. सुश्रुतसंहितेत शंख हे मर्म कान आणि कपाळ यांच्या मधे आहे, म्हणजे मराठीतले कानशील. बाहेर दिसणाऱ्या कानासाठी मात्र संस्कृत वैद्यकात ‘कर्णशष्कुली’ आहे, आणि शष्कुली हे तळलेल्या गोल पक्वान्नाचेही नाव. रोमन चमच्यात गोगलगाय शोधत होते, आपल्याकडे कानात खाऊ दिसत होता.

सारख्या ध्वनीला भुलू नये याचे उदाहरण म्हणजे इंग्रजी ‘कॉकल’. हा छोटा, रेघारेघांचा शिंपला कॉक्लियाचा भाऊ वाटतो, पण तो फ्रेंच ‘कोकीय’मधून, म्हणजे शेवटी कोन्खेपासून आला आहे. ‘शेल’ या साध्या शब्दाचा या ग्रीक घराण्याशी संबंध नाही. तो जर्मानिक आहे आणि माशाच्या खवल्याच्या ‘स्केल’चा नातेवाईक आहे.

‘ऑयस्टर’ची, म्हणजे आपल्या कालवाची, कथा पुन्हा कानात नेते. ग्रीक ‘ओस्त्रेऑन’ हा ‘ओस्तेऑन’शी, हाड या अर्थाच्या शब्दाशी जोडलेला आहे. लॅटिन ‘ओस’ आणि संस्कृत ‘अस्थि’ त्याच कुळातले. हातोडी, ऐरण आणि रिकीब या मध्यकर्णातल्या तीन हाडांना इंग्रजीत ‘ऑसिकल’ म्हणतात. लॅटिन ‘ओस’चे ते लाडके, लहान रूप. मालवणला ताटात येणारे कालव आणि कानातली रिकीब अशी शब्दांच्या वंशावळीत चुलत भावंडे ठरतात.

शिणाण्यांसाठीचा, म्हणजे खाण्याच्या काळसर शिंपल्यांसाठीचा, इंग्रजी शब्द ‘मसल’ आणि स्नायूसाठीचा ‘मसल’ तर मुळात एकच. लॅटिन ‘मुस्कुलुस’ म्हणजे छोटा उंदीर. कातडीखाली हलणारा दंड उंदरासारखा दिसला, काळसर शिंपलाही तसाच दिसला. लॅटिन ‘मूस’ आणि आपला ‘मूषक’ सगोत्र आहेत. रिकिबीला ओढून धरणारा स्टेपिडियस हा शरीरातला सर्वांत लहान कंकालस्नायू. मोठा आवाज आला की तो आखडतो आणि आतल्या गोगलगायीपर्यंत पोचणारा धक्का कमी करतो.

एका शिंपल्याने मात्र उलटा प्रवास केला. इंग्रजी ‘काउरी’ हिंदी-उर्दू ‘कौडी’मधून आला, आणि इंग्रजी व्युत्पत्तीकोश त्यामागे मराठी ‘कवडी’ आणि संस्कृत ‘कपर्द’ देतात. इटालियन लोक कवडीला ‘पोर्चेल्लाना’ म्हणत, म्हणजे डुकरिणीच्या पिल्लावरून पडलेले नाव. चिनी मातीची चकचकीत भांडी पाहून त्यांना कवडीची पाठ आठवली, आणि चिनी मातीसाठीचा इंग्रजी शब्द ‘पोर्सिलेन’ त्यातूनच आला.