चक्रबोंग्स भुवनात, राजपुत्र (१८८३–१९२०)

सयामचे (आताचं थायलंड) राजे चुलालाँगकॉर्न आणि राणी साओवाभा यांचे चिरंजीव, लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख. थाई हवाई दलाचे जनक म्हणून ओळख. नाव मूळ संस्कृतच, चक्रवंश. जन्म ३ मार्च १८८३, कुठेकुठे १८८२ छापलेलं दिसतं, त्याचं कारण खाली येतंच.

१८९७ मध्ये राजे रशियाला जाऊन आले आणि पुढच्या वर्षी हे सेंट पीटर्सबर्गला पेजेस कोअर या लष्करी शाळेत दाखल झाले, १९०२ ला पहिल्या नंबरानं पास होऊन झारच्या हुसार घोडदळात अधिकारी झाले. १९०६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला येकातेरिना देस्नित्स्काया या रशियन नर्सशी घरी न कळवता लग्न केलं, वडील फार नाराज झाले.

विमानांचं महत्त्व यांनी फार लवकर ओळखलं. तीन अधिकारी फ्रान्सला शिकायला पाठवले, ते १९१३ मध्ये परतले, आधी बँकॉकमधल्या स पथुमच्या रेसकोर्सवर उड्डाणं झाली पण तिथे पाणी साचायचं म्हणून तळ डॉन मुआंगला हलवला. आता तारखेचा घोळ. लष्करी विमानपथकाची स्थापना थाई नोंदीत २७ मार्च २४५७ (बुद्ध संवत) अशी आहे, त्यातून नेहमीसारखे ५४३ वजा केले की १९१४ येतं, आणि इंग्रजी संदर्भांत तेच सर्रास सापडतं. पण १९४१ च्या आधी थाई वर्ष १ एप्रिलला सुरू व्हायचं, म्हणजे जानेवारी ते मार्चसाठी ५४२ च वजा करायला हवेत, आपल्याकडे शकावरून इसवी काढताना ७८ मिळवायचे की ७९ असा प्रश्न येतो तसंच हे. त्यामुळे १९१५ धरणं जास्त योग्य वाटतं. जन्मसालाचंही तेच, २४२५ मधून ५४३ गेले की चुकून १८८२ मिळतं.

जुलै १९१७ मध्ये सयाम पहिल्या महायुद्धात उतरलं आणि १९१८ ला १,२०० हून जास्त माणसं फ्रान्सला गेली, त्यात विमानदलाचेही लोक होते. त्या वेळी स्टाफचे प्रमुख हेच.

१९१९ मध्ये घटस्फोट. १३ जून १९२० ला सिंगापूरला न्यूमोनियानं गेले, वय ३७. थोरले भाऊ राजे वजिरावुध यांना तेव्हा मूलबाळ नव्हतं, त्यामुळे गादीचे वारस हेच होते. पुढे १९२४ च्या वारसा कायद्यात परदेशी पत्नी असलेल्या राजपुत्रांना वगळलं, आणि १९२५ ला गादी धाकटे भाऊ प्रजाधिपोक यांच्याकडे गेली, चक्रबोंग्स यांचा मुलगा चुला बाजूलाच राहिला.