‘आर’च्या जागी चौकोन का उमटतो?

गणिताची पुस्तकं, प्रश्नपत्रिका आणि क्लासच्या नोट्स आमच्याकडे अक्षरजुळणीला देणाऱ्यांसाठी

वास्तव संख्यांच्या संचाचा आर तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. डावीकडचा उभा दांडा दुहेरी असतो तो. फळ्यावर खडूने ठळक अक्षर काढणं अवघड, म्हणून शिकवणारे एक रेघ जास्तीची ओढत; तीच सवय पुढे छपाईत आली. नैसर्गिक संख्यांचा एन, परिमेय संख्यांचा क्यू, संमिश्र संख्यांचा सी हे त्याचेच भाऊबंद. पूर्णांकांसाठी मात्र आपल्या बोर्डाच्या पुस्तकात आय असतो, तर इतरत्र बहुतेक ठिकाणी झेड, कारण जर्मनमध्ये संख्यांना ‘त्सालेन’ म्हणतात. तुमचं काम कुठल्या अभ्यासक्रमाचं आहे ते आधीच सांगितलंत तर एक फोन वाचेल.

तुमच्या फायलींत हा आर बहुधा वेषांतर करून येतो. साधा इंग्रजी आर टाइप करायचा आणि त्याला सजावटीचा फॉन्ट लावायचा, ही सगळ्यांची आवडती युक्ती. तुमच्या पडद्यावर ते झकास दिसतं. इथे आम्ही सगळा मजकूर निवडून जुना मराठी फॉन्ट लावला की घोळ होतो, कारण अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. मग ‘एक्स हा आरचा घटक आहे’ या ओळीत आरच्या जागी भलतंच मराठी अक्षर उमटतं. एका सरावसंचात ते आमच्या मुद्रितशोधकाच्याही नजरेतून पाच पानं सुटलं होतं, चूक आमचीच. काही जण आरचं चित्र चिकटवतात. ते छापताना धुरकट येतं आणि ओळींमधलं अंतर बिघडवतं.

आम्हाला हवं असतं ते युनिकोडमधलं, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला वेगळा संकेतांक देणाऱ्या पद्धतीतलं, स्वतंत्र अक्षर. वर्डमध्ये कळफलक इंग्रजीवर ठेवा, एक जागा सोडा, दोन-एक-एक हे आकडे आणि डी टाइप करा, मग आल्ट धरून एक्स दाबा. जागा सोडायला विसरू नका. आधीचं अक्षर ए ते एफपैकी असेल तर वर्ड तेही संकेतांकात धरतो आणि भलतंच काही उमटतं. एनसाठी २११५, झेडसाठी २१२४, सीसाठी २१०२. क्यूसाठी दोन-एक-एक आणि ए.

एवढं करूनही चौकोन दिसला तर घाबरू नका, अक्षर जागेवरच आहे. मराठी फॉन्टांत ते सहसा नसतं, संगणक दुसऱ्या फॉन्टातून उसनं आणतो, आणि उसनं मिळालं नाही की चौकोन दाखवतो. त्या एका अक्षराला केंब्रिया मॅथ किंवा स्टिक्स टू मॅथ लावून बघा. (या पत्रकात आम्ही ती चिन्हं छापलेली नाहीत. हे पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरतं, आणि चौकोनाबद्दलच्या पत्रकातच चौकोन नको!)

चौकस ग्राहकांसाठी एक गंमत. २००१ साली युनिकोडमध्ये गणिती अक्षरांची वेगळी वसाहत झाली. आज तिथे ९९६ चिन्हं राहतात. दुहेरी रेघेचे ए, बी, डी तिथे सापडतील, पण आर, एन, क्यू नाहीत. ते आधीपासून दुसऱ्या गल्लीत राहायला होते, म्हणून नव्या वसाहतीत त्यांचे प्लॉट रिकामे ठेवले आहेत. तक्त्यात नेमका आरच दिसत नाही असा फोन आला की आम्ही हेच सांगतो.

इन्स्टाग्रामवर दुकानाचं नाव नक्षीदार इंग्रजीत लिहितात, त्यातली बरीच अक्षरं याच वसाहतीतली. दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यांवर अडखळतं, आणि शोधात ते नाव सापडेलच याची खात्री नसते. व्हिजिटिंग कार्डासाठी असा मजकूर पाठवलात तर आम्ही तो साध्या अक्षरांत करून घेऊ.

काम पाठवताना वर्डची फाइल आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही द्या. पीडीएफमध्ये तुमच्या पडद्यावर दिसलं तेच आम्हालाही दिसतं. हस्तलिखित असेल तर पहिल्या पानावर दुहेरी दांड्याच्या अक्षरांना लाल गोल करा. साधा आर त्रिज्येचा आणि दुहेरी दांड्याचा संचाचा, हे आम्हाला घाईत लिहिलेल्या पानावरून ओळखता येत नाही.