ग्रॅच्युइटीच्या दाव्याची नोटीस आली, मालकाने काय करायचं?

जळगाव-धुळे भागात मी मालकांच्या बाजूने कामगार प्रकरणं चालवतो. नोटीस घेऊन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : "वकीलसाहेब, त्याने स्वतःहून राजीनामा दिला, मग ग्रॅच्युइटी कशाची?"

ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना सेवेच्या वर्षांवरून मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. राजीनाम्याने हा हक्क जात नाही. सलग ५ वर्षं सेवा झाली की ग्रॅच्युइटी लागू. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर ५ वर्षांचीही अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यावर ठरावीक मुदतीच्या करारावरचा कामगार १ वर्षानंतरच पात्र ठरतो. कायदा १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागतो, आणि एकदा लागला की पुढे माणसं कमी झाली तरी सुटका नाही. डाळ मिलवाले इथेच फसतात.

हिशेब सोपा आहे. शेवटचा मासिक पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. पगार १५,६०० असेल तर वर्षाला ९,००० होतात. १२ वर्षं ७ महिने सेवा म्हणजे १३ वर्षं धरायची, म्हणून १,१७,०००. कमाल मर्यादा २० लाख. जिनिंगसारख्या हंगामी कामाला दर हंगामाचे ७ दिवसांचे वेतन. पगारात काय काय धरायचं हे नव्या संहितेत बदललंय, तेव्हा जुना तक्ता तसाच वापरू नका.

रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची. कामगाराने अर्ज केला नाही, तरी. उशीर झाला की व्याज चढतं.

आता कागद. हजेरी पुस्तक, पगारपत्रक, नेमणूक पत्र, राजीनामा, पीएफचा तपशील, आधी काही दिलं असेल तर बँकेची नोंद. भागीदारी असेल तर भागीदारी पत्र आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र, कंपनी असेल तर संचालकांचा ठराव. वकीलपत्र वेगळं. एका मिलमालकाने मला हजेरीचं पुस्तक दिलं तेव्हा पानांत तुरीचा भुसा होता आणि जुलैपासूनच्या नोंदी पेन्सिलीने, एकाच हाताच्या, एकाच दिवशी लिहिल्यासारख्या. तसलं पुस्तक मी दाखल करत नाही. उलटतपासणीत ते मालकालाच बुडवतं. त्यापेक्षा मूळ पगारपत्रक अर्धवट असलं तरी चालेल, पण खरं हवं.

सेवेच्या वर्षांवर वाद असेल, तर जेवढी रक्कम तुम्हाला मान्य आहे तेवढी सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, आधी जमा करा. हे मी अगदी पोटतिडकीने सांगतो, कारण सगळंच अडवून बसलेल्या मालकाचं म्हणणं नंतर कुणी नीट ऐकून घेत नाही. लेखी म्हणणं मुदतीत द्या. गैरवर्तनावरून ग्रॅच्युइटी रोखायची असेल तर कामगाराला त्याच कारणावरून कामावरून काढलेलं असावं लागतं. नुसतं "भांडून गेला" एवढ्याने भागत नाही.

निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत अपील करता येतं. मात्र मालकाला ठरलेली पूर्ण रक्कम भरल्याची पावती जोडावी लागते, त्यामुळे वकिलाकडे येण्याआधी पैशांची सोय करून ठेवा.