हेलिकॉप्टरच्या शेपटीकडे का जाऊ नये?

नाशिकरोड, उपनगर आणि देवळालीच्या परिसरात राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरचे अप्रूप फारसे उरलेले नाही. गांधीनगरच्या विमानतळावर लष्कराच्या वैमानिकांना घडवणारी कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल आहे आणि चेतक, चीता या हेलिकॉप्टरांच्या घिरट्या तेथे नित्याच्याच आहेत. मात्र ती कुंपणापलीकडची, शिस्तीतली हेलिकॉप्टरे झाली. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यात एखाद्या शाळेच्या मैदानावर फक्कीने ‘एच’ आखून, टँकरने पाणी मारून तात्पुरते हेलिपॅड तयार होते, तेव्हा परिस्थिती पूर्ण वेगळी असते. सभेला आलेले नेते उतरतात, कार्यकर्ते हार घेऊन पुढे सरसावतात, मुले दोरीखालून आत शिरतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल असतो. सिंहस्थाच्या काळात असे प्रसंग आणखी वाढण्याची शक्यता आहे, म्हणून फिरत्या पात्यांचे विज्ञान सामान्य माणसानेही समजून घ्यायला हवे.

चेतक किंवा चीताच्या डोक्यावरची तीन पाती मिनिटाला साधारण ३५० फेरे घेतात. घरातला छताचा पंखाही पूर्ण वेगात जवळपास तेवढेच फेरे घेतो, आणि धोक्याचा अंदाज चुकतो तो येथेच. फेरे सारखे असले तरी टोकाचा वेग पात्याच्या लांबीवर अवलंबून असतो. पंख्याच्या पात्याचे टोक ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावते, तर ११ मीटर व्यासाच्या रोटरचे, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चक्राचे, टोक ताशी ७०० किलोमीटरहून अधिक वेगाने. त्या वेगात एका पात्यामागून दुसरे पाते येण्याच्या मधल्या क्षणात ‘निसटून जाणे’ शक्य नसते, कारण तो अवधी सेकंदाच्या सतराव्या भागाएवढाच असतो.

तरीही ही वरची पाती निदान दिसतात तरी. सेकंदाला सतरा-अठरा वेळा डोळ्यांपुढून जाणारे पाते आपल्याला लुकलुकणाऱ्या, धूसर चकतीसारखे जाणवते. शेपटीच्या टोकाला उभी बसवलेली छोटी पाती मात्र दिसेनाशी होतात. या हेलिकॉप्टरांत ती तीन असून मिनिटाला सुमारे २००० फेरे घेतात, म्हणजे कोणत्याही एका बिंदूवरून सेकंदाला १०० वेळा पाते जाते. मानवी डोळा भरपूर उजेडातही सेकंदाला साधारण ५० ते ६० लुकलुकींपलीकडचे काही वेगळे ओळखू शकत नाही. त्यापुढे सगळे एकसंध भासते. मागचे आकाश, झाडे, माणसे या पात्यांच्या आरपार स्वच्छ दिसत राहतात. म्हणूनच काही हेलिकॉप्टरांच्या शेपटीच्या पात्यांवर काळे-पांढरे पट्टे असे विषम रंगवतात की एक पाते इतरांपेक्षा वेगळे पडते. मग लुकलुक सेकंदाला शंभरऐवजी तेहेतीस वेळा होते आणि डोळा ती टिपू शकतो. पण ऊन, धूळ आणि घाई यांच्यापुढे या रंगकामाची मदत तोकडीच असते.

ही पाती मुळात तेथे असतात ती न्यूटनच्या तिसऱ्या नियमामुळे. इंजिन वरची पाती एका दिशेने फिरवते, तेव्हा हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेने फिरू पाहते. शेपटीच्या पात्यांचा आडवा जोर ते फिरणे थोपवतो. लहान हेलिकॉप्टरांत त्यांची उंची बहुधा माणसाच्या छाती-डोक्याच्या पातळीत येते, आणि वरच्या रोटरच्या व इंजिनाच्या आवाजात त्यांचा आवाज वेगळा ओळखू येत नाही. शिवाय वैमानिकाला स्वतःची शेपटी दिसत नाही. त्याने जमिनीलगत यंत्राचे नाक थोडे वळवले, तरी शेपटी मोठ्या कमानीत फिरून येते. एप्रिल २०२३ मध्ये केदारनाथच्या हेलिपॅडवर उत्तराखंड सरकारच्या नागरी उड्डाण विभागातील एका अधिकाऱ्याचा शेपटीच्या पात्यांमुळे मृत्यू झाला. हेलिपॅड हे ज्यांच्या कामाचेच ठिकाण, त्यांच्याबाबतीतही असे घडते, हे गर्दीतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवे.

मोबाइलच्या पडद्यावर विश्वास ठेवणे तर अधिकच घातक. कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे पाती वाकडी, तुटक, कधी चक्क थांबलेली दिसतात. पडद्यात पाहत पाहत मागे सरणारा माणूस हेलिकॉप्टरजवळ दिसला की मला फार काळजी वाटते.

दुसरा गैरसमज असा की पाती मंदावली म्हणजे धोका टळला. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. पूर्ण वेगात पाती ताठ राहतात ती केंद्रोत्सारी बलामुळे. पात्याच्या मध्यावरचा एक किलो भाग सुमारे पावणेचारशे किलो वजनाइतक्या ताकदीने बाहेर ओढला जात असतो. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून फेरे निम्मे झाले की ताण चौथाईवर येतो आणि लांब, लवचिक पाती खाली झुकू लागतात. अशा वेळी वाऱ्याचा एखादा झोत आला, तर पात्याचे टोक आणखी खाली येऊ शकते. म्हणजे इंजिन सुरू होतानाचा आणि बंद झाल्यानंतरचा काळ, ज्यात लोक हमखास पुढे धावतात, तोच डोक्यासाठी सर्वांत वाईट असतो. पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबणे हाच सरळ उपाय आहे.

पाती फिरत असताना जवळ जाणे भागच असेल, उदाहरणार्थ रुग्णाला चढवायचे असेल, तर वैमानिकाची किंवा त्याच्या सहकाऱ्याची स्पष्ट खूण मिळेपर्यंत पाऊल उचलू नये. खूण मिळाल्यावर वैमानिकाच्या नजरेत राहून, पुढच्या बाजूने तिरके, कमरेत वाकून चालावे आणि परतही त्याच वाटेने यावे. काही हेलिकॉप्टरांची वरची पाती नाकाकडे खाली उतरलेली असतात, तेव्हा नेमकी दिशा तेथील कर्मचारीच सांगतील. यंत्राला मागून वळसा घालून पलीकडच्या दाराशी जाणे कधीही नको. झेंड्याची काठी, छत्री, सलाईनचा स्टँड अशा वस्तू आडव्या आणि कमरेखाली धराव्यात. टोपी, उपरणे, ओढणी हातात घट्ट गुंडाळून घ्यावी, आणि त्यातले काही उडालेच तर त्याच्यामागे अजिबात धावू नये.

उडणार हे मात्र गृहीतच धरावे. दोन टनांच्या आसपास वजनाचे चीता हवेत स्थिर राहते ते तेवढ्याच बळाने हवा खाली ढकलून, आणि गणिताने हा झोत ताशी ६५ किलोमीटरच्या घरात जातो. साडेपाच टनांच्या ध्रुव हेलिकॉप्टरखाली तो ताशी ९० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. मंडपाचे कापड, फ्लेक्स, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कांद्याच्या चाळीवरचे पत्रे यांना एवढा वारा पुरेसा आहे. डोळ्यांत धूळ गेली आणि काही दिसेनासे झाले, तर चाचपडत चालण्याऐवजी जागीच खाली बसावे.

त्र्यंबकेश्वर-इगतपुरीच्या डोंगराळ भागात आणखी एक पथ्य लागते. उतारावर हेलिकॉप्टर उतरले, तर चढाकडची जमीन पात्यांच्या जवळ येते. त्या बाजूला सरळ उभ्या माणसाच्या डोक्यावर जागाच उरत नाही. म्हणून जाणे-येणे नेहमी उताराकडूनच.

गावात हेलिपॅडची तयारी करणाऱ्यांनी दोर किती अंतरावर बांधायचा, हेही आधी ठरवावे. रुग्णवाहू हेलिकॉप्टरांच्या उतरण्याच्या जागी बघ्यांना सुमारे ६० मीटर दूर ठेवण्याचा संकेत आहे, आणि सभेच्या मैदानावरही तो पाळायला काहीच हरकत नाही. हार घालण्याची जागा दोराच्या बाहेर ठेवावी. शेपटीच्या बाजूला फक्त एक जाणता माणूस उभा करावा. त्याने पाहुण्यांकडे पाठ करून गर्दीकडे पाहावे आणि पाती थांबेपर्यंत कोणालाही त्या बाजूने पुढे येऊ देऊ नये.