आठवीच्या फॉर्मवरचा तो रकाना

भाचीच्या हायस्कूलमधून आठवीच्या तोंडावर एक कागद घरी आला. त्यावर तीनच पर्याय: हिंदी पूर्ण, संस्कृत पूर्ण किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त, म्हणजे पन्नास-पन्नास. घरात चर्चा फार झाली नाही. "संस्कृत पूर्ण घे, स्कोरिंग आहे," एवढं मावशी म्हणाली आणि प्रश्न मिटला. कालिदास, पाणिनी यांचं नावही कोणी काढलं नाही.

या रकान्याची गोष्ट पेशवाई बुडाली तिथून सुरू होते. 6 ऑक्टोबर 1821 रोजी कंपनी सरकारने पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटत, त्या रकमेतलाच काही भाग तिच्यासाठी लावून दिला. पुण्याचा ब्रह्मवृंद नाराज राहू नये, हा त्यामागचा सरळ हिशोब. सुरुवातीला तिथे ब्राह्मण मुलेच शिकत. शिकायची पद्धतही जुनीच: आधी अमरकोश हा शब्दकोश पाठ, मग कौमुदी हा पाणिनीच्या व्याकरणावरचा ग्रंथ, अर्थ मागाहून कधीतरी.

ही पद्धत हायस्कूलच्या तासाला चालणारी नव्हती. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, मॅट्रिकची परीक्षा सुरू झाली, आणि चाळीस मुलांच्या वर्गाला ठरावीक महिन्यांत संस्कृत शिकवायची वेळ आली. तिथे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचं काम येतं. 1862 मध्ये विद्यापीठाची जी पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली, तिच्यात ते होते. आधी सिंध हैदराबादला आणि मग रत्नागिरीला हायस्कूलचे हेडमास्तर असण्याच्या त्या काळातच त्यांनी 'मार्गोपदेशिका' लिहिली, आणि काही वर्षांनी तिचा पुढचा भाग. एका धड्यात थोडे नियम, थोडे शब्द, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात भाषांतराची वाक्यं. आज हे अगदी साधं वाटतं. पण सगळी कौमुदी घोकल्याशिवाय पहिलं वाक्य लिहिता येत नाही, ही समजूत या पुस्तकांनी मोडली. न्यू इंग्लिश स्कूलच्या वामन शिवराम आपट्यांनी पुढे वाक्यरचनेवर पुस्तक लिहिलं आणि 1890 मध्ये आपला मोठा कोश काढला. आपल्या शाळांतलं संस्कृत घडलं ते मुख्यतः हेडमास्तरांच्या हातून, हे मला फार मोलाचं वाटतं.

'स्कोरिंग' हा शब्द तेव्हा नव्हता, पण गोष्ट होती. नाना शंकरशेठ 1865 मध्ये गेले. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मॅट्रिकला संस्कृतात पहिला येणाऱ्याला मिळे, आणि 'शंकरशेठ स्कॉलर' ही पदवीसारखीच मिरवली जाई. 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. तेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

पण त्याच काळात मुंबईच्याच एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एका मुलाला संस्कृत घ्यायचं होतं. तो अस्पृश्य म्हणून त्याला ते घेऊ दिलं नाही. भीमराव आंबेडकर फारसी घेऊन 1907 मध्ये मॅट्रिक झाले आणि बी.ए.लाही त्यांचे विषय इंग्रजी आणि फारसीच राहिले. दुसरी भाषा ही मुलाची निवड असते, असं नियमात लिहिलेलं होतं. वर्गाच्या दारात वेगळं घडत होतं. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर मिळवलं. पालीचा तर व्याकरण-कोशच करायला घेतला.

आणि मराठी? ती घरची, म्हणून परीक्षेत दुय्यम. 1860 च्या दशकात विद्यापीठाने तिला वरच्या परीक्षांतून काढूनच टाकलं. अभिजात भाषा म्हणजे संस्कृत, लॅटिन, फारसी, अरबी यांसारख्या; देशी भाषांत शिकण्याजोगं काय आहे, असा सूर होता. न्यायमूर्ती रानडे तिला परत आणण्यासाठी वर्षानुवर्षं भांडले. एम.ए.ला मराठी आली तेव्हा 1901 साल उजाडलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत रानडे गेले.

स्वातंत्र्यानंतर त्रिभाषा सूत्र आलं, 1968 च्या शिक्षण धोरणात ते पक्कं झालं, आणि मराठी, इंग्रजी, हिंदी यांच्या दाटीत संस्कृतला उभं राहायला जागा उरेना. 'संयुक्त' हा त्यातून निघालेला मधला मार्ग. आता पूर्णसाठी 'आमोदः' आणि संयुक्तसाठी 'आनन्दः' अशी पुस्तकं आहेत. दहावीच्या पेपरात संस्कृत सूचना येते, 'माध्यमभाषया उत्तरं लिखत', आणि मुलं उताऱ्यावर मराठीत किंवा इंग्रजीत उत्तर लिहून मोकळी होतात. मार्कांची गुरुकिल्ली बरीचशी इथेच आहे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याच बैठकीत पाली आणि प्राकृतलाही. पाली आणि अर्धमागधी (एक प्राकृत भाषा) हे विषय आपल्या बोर्डाच्या यादीत पूर्वीपासून आहेत. भाचीच्या फॉर्मवर मात्र ते छापलेलेच नव्हते.