मिल्ड रिसिव्हरची एके घ्यावी का? आधी ती आली कुठून ते बघा

अमेरिकेत राहणाऱ्या आणि शूटिंगचा नाद असलेल्या आपल्या मंडळींत हा विषय निघतोच, की स्टँप्ड एकेपेक्षा मिल्ड रिसिव्हरची एके (एके म्हणजे कलाश्निकोव्हची रायफल) बरीच महाग असते तर ती घ्यावी का. रिसिव्हर म्हणजे रायफलची मधली बॉडी, ती पत्रा दाबून बनवली तर स्टँप्ड आणि घन स्टील छिलून काढली तर मिल्ड. बरेच जण मिल्ड म्हणजे भारी आणि स्टँप्ड म्हणजे स्वस्तातला माल असं धरून चालतात, पण इतिहास बघितला तर गोष्ट जवळपास उलटी आहे.

1949 मध्ये सोव्हिएत सैन्याने कलाश्निकोव्हची रायफल घेतली तेव्हा तिचा रिसिव्हर पत्र्याचाच होता. इझेव्हस्कच्या कारखान्यात पत्रा दाबून बॉडी बनवायची असं ठरलं होतं पण आतल्या गाईड रेल्स (ज्यांवर बोल्ट सरकतो) आणि इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) वेल्ड करताना इतका माल रिजेक्ट व्हायला लागला की धंदा परवडेना. मग 1951 च्या सुमारास नाईलाजाने घन स्टीलचा तुकडा मशीनवर छिलून रिसिव्हर काढायला सुरुवात झाली. वजन वाढलं, मशीनिंगचा वेळ वाढला, ढीगभर स्टील चुऱ्यात गेलं. पण सैन्याला रायफल वेळेवर मिळाली आणि ती टिकली, हे महत्त्वाचं. पुढे पत्र्याचं काम जमलं आणि 1959 ला एकेएम (एकेची सुधारित आवृत्ती) आली, साधारण 1 मिमी जाडीचा पत्रा, त्यात रिव्हेटने बसवलेला ट्रनियन (बॅरल धरून ठेवणारा ठोकळा), आणि मिल्डच्या मानाने चांगलीच हलकी. म्हणजे रशियनांच्या डोक्यात पहिल्यापासून पत्राच होता, मिल्ड ही मधली सोय. आपल्याकडे अमेठीच्या कोरव्यात बनणारी एके-203 पण पत्र्याच्या रिसिव्हरचीच आहे.

मिल्ड मागे पडलं नाही ते बाकीच्यांमुळे. फिनलंडची आरके 62, तिच्यावरून इस्रायलची गलिल, आणि बल्गेरियात कझान्लाकचा आर्सेनल कारखाना. अमेरिकेने 1989 ला अशा बऱ्याच रायफलींची आयात अडवली, त्यानंतर थंबहोल स्टॉक (अंगठ्यासाठी भोक असलेला दस्ता) लावून बल्गेरियाची एसएलआर-95 आली, नंतर एसएएम7 मालिका, आणि मिल्डचं जे नाव झालंय ते मुख्यतः या बल्गेरियन कामाचं आहे.

ओळखायची असेल तर मॅगझिनच्या वर बघा, मिल्डवर लांबट आयताकृती खाच कोरलेली असते (वजन कमी करायला काढलेली), स्टँप्डवर तिथे छोटासा खड्डा आणि पुढे-मागे रिव्हेटची डोकी दिसतात.

आता पैशाचं. अचूकता बॅरल, ते कसं बसवलंय आणि गोळी यांच्यावर जास्त अवलंबून असते, त्यामुळे फक्त निशाणा सुधारेल म्हणून मिल्डला जास्त पैसे देऊ नका. वजनामुळे धक्का थोडा कमी जाणवतो हे खरं, पण तेच वजन दिवसभर खांद्यावर वागवायचं असतं, शिवाय स्टँप्डसाठी मिळणारे बहुतेक स्टॉक तिला बसत नाहीत. नुसती मजबुती हवी असेल तर सर्बियाच्या झास्तावा कारखान्याची 1.5 मिमी पत्र्याची एम70 पण बघाच. आर्सेनलचं फिनिशिंग आवडत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर मिल्ड खुशाल घ्या, पण पैसे त्या कारखान्याच्या कामाचे द्या.